हरणासाठी .३०८ की ६.५ क्रीडमूर? आकडे तीनशे यार्डांवरचे बघा

अमेरिकेत हरणाचा हंगाम जवळ आला, की हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र नव्याने घेतलेल्या मराठी मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रायफल कोणत्या काडतुसाची घ्यायची? मग दुकानातला एक जण .३०८ म्हणतो, रेंजवरचा दुसरा ६.५ क्रीडमूरशिवाय दुसरं नाव घेत नाही, आणि तिसरा सांगतो की .३०-०६ असताना बाकीच्यांची गरजच काय. (भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. त्यामुळे इथलं सगळं अमेरिकेत परवाना काढून, हंगामात, मांसासाठी केलेल्या शिकारीपुरतं.)

हा सगळा वाद काडतुसाच्या नावावर चालतो. पण जनावराला काडतूस लागत नाही, गोळी लागते. तीही नळीच्या तोंडाशी असलेल्या वेगाने नाही, तर दोनशे-तीनशे यार्ड हवा कापून उरलेल्या वेगाने. पेटीवर ठळक छापलेला आकडा मात्र नळीच्या तोंडाचा असतो. त्या आकड्यावर तुलना केली की निवड हमखास चुकते.

आधी घराणं समजून घेऊ. .३०-०६ हे १९०६ साली अमेरिकी सैन्याने घेतलेलं काडतूस, पुंगळी (मागची दारू भरलेली पितळी नळी) ६३ मिलिमीटर लांब. तीच पुंगळी पुढे तोंडाशी बारीक करून १९२५ मध्ये .२७० विंचेस्टर बाजारात आलं. तोवरच्या आणि नंतरच्या काळात दारू सुधारत गेली, तेव्हा तेवढ्या लांब पुंगळीची गरज उरली नाही. १९५२ चं .३०८ विंचेस्टर ५१ मिलिमीटरच्या पुंगळीत जवळपास तेच काम करतं. १६५ ग्रेनची गोळी .३०-०६ मधून साधारण २८०० फूट प्रति सेकंदाने निघते, .३०८ मधून २७०० ने. शंभर फुटांचा फरक, बस्स. १९५५ मध्ये .३०८ चीच पुंगळी बारीक करून .२४३ निघालं. ६.५ क्रीडमूर हॉर्नाडी कंपनीचं, २००७ चं. ते मुळात कागदी लक्ष्यावर लांबून नेम धरणाऱ्यांसाठी बनलं आणि मग शिकारीत आलं.

नावातल्या आकड्यांवर फार भरवसा ठेवू नका. .२७० ची गोळी प्रत्यक्षात .२७७ इंच व्यासाची असते, ६.५ क्रीडमूरची .२६४ इंच. .३०८ आणि .३०-०६ या दोन्हींची गोळी मात्र एकच, .३०८ इंचाची. गोळीचं वजन ग्रेनमध्ये छापतात. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, म्हणजे १५० ग्रेनची गोळी पावणेदहा ग्रॅमच्या आसपास.

आता मुद्द्याचे आकडे. दुकानात सहज मिळणाऱ्या तयार काडतुसांचे आहेत, कंपन्यांच्या तक्त्यांशी जुळणारे. वेग फूट प्रति सेकंदात, ऊर्जा फूट-पाउंडात. वाऱ्याचा आकडा ताशी १० मैल आडव्या वाऱ्यात ३०० यार्डांवर गोळी किती सरकते त्याचा आहे, गणिताने काढलेला.

.३०८, १५० ग्रेन कोअर-लॉक्ट (रेमिंग्टनची साधी गोळी): तोंडाशी वेग २८२०, ३०० यार्डांवर २००९. ऊर्जा २६४८ वरून १३४४. वाऱ्याने सुमारे १० इंच.

.३०८, १७८ ग्रेन ईएलडी-एक्स (हॉर्नाडीची लांब, निमुळती गोळी): २६०० वरून २१३२. ऊर्जा २६७२ वरून १७९७. वाऱ्याने ६ इंचांच्या थोडं वर.

६.५ क्रीडमूर, १४३ ग्रेन ईएलडी-एक्स: २७०० वरून २२८५. ऊर्जा २३१५ वरून १६५७. वाऱ्याने ५ इंच.

.२७०, १३० ग्रेन कोअर-लॉक्ट: ३०६० वरून २२५९. ऊर्जा २७०२ वरून १४७२. वाऱ्याने साडेआठ इंचांपर्यंत.

.३०-०६, १८० ग्रेन कोअर-लॉक्ट: २७०० वरून २०४२. ऊर्जा २९१३ वरून १६६६. वाऱ्याने पावणेनऊ इंच.

पहिली आणि तिसरी ओळ शेजारी ठेवून वाचा. नळीच्या तोंडाशी .३०८ ची ऊर्जा ६.५ पेक्षा ३३३ ने जास्त. १०० यार्डांवर तो फरक साठाच्या आसपास येतो, २०० यार्डांवर ६.५ पुढे गेलेलं असतं, आणि ३०० वर तेच ३१३ ने पुढे. मग क्रीडमूरवाले जिंकले? नाही. दुसरी ओळ बघा: त्याच .३०८ मध्ये १७८ ग्रेनची लांब, निमुळती गोळी घातली, तर ३०० यार्डांवर ऊर्जा ६.५ पेक्षाही जास्त उरते आणि वाऱ्याची सरक १० वरून ६ इंचांवर येते. रायफल तीच, नळी तीच, फक्त पेटी बदलली. दोन काडतुसांमधल्या फरकापेक्षा एकाच काडतुसातल्या दोन गोळ्यांमधला फरक मोठा आहे.

हा फरक येतो बॅलिस्टिक कोएफिशियंटमुळे, ज्याला सगळे बी.सी. म्हणतात. गोळी हवेला किती कमी अडते त्याचं ते माप. वर दिलेल्या १५० ग्रेनच्या कोअर-लॉक्टचा बी.सी. .३१४ आहे, १७८ ग्रेनच्या ईएलडी-एक्सचा .५५२, ६.५ च्या १४३ ग्रेनचा .६२५. वजन व्यासाच्या मानाने जास्त, टोक निमुळतं, बूड किंचित आत घेतलेलं, की बी.सी. वाढतो.

गोळी खाली किती पडते यावर लोक तासन् तास बोलतात. माझ्या मते तो प्रश्न आता जवळपास सुटलेला आहे. २०० यार्डांवर झीरो केलेल्या (म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशा जुळवलेल्या) रायफलीतून ३०० यार्डांवर ६.५ सुमारे आठ इंच खाली लागतं, १५० ग्रेनचं .३०८ नऊच्या जरा अलीकडे, १८० ग्रेनचं .३०-०६ नऊ इंच आणि .२७० सात. दोन इंचांच्या आत सगळे. शिवाय अंतर लेझर रेंजफाइंडरने यार्डापर्यंत मोजता येतं आणि गुरुत्वाकर्षण रोज बदलत नाही. वारा मात्र मोजता येतो तो फक्त तुम्ही उभे आहात तिथला. मधल्या दरीतला, पलीकडच्या उतारावरचा वारा अंदाजानेच धरावा लागतो. अंदाज ताशी पाच मैलांनी चुकला, तर १५० ग्रेनची .३०८ ची गोळी पाच इंच बाजूला जाते, ६.५ ची अडीच. व्हाइटटेल हरणाचं हृदय आणि फुफ्फुसं मिळून जेमतेम आठ इंचांचं वर्तुळ होतं. मध्यभागी धरलेला नेम पाच इंच सरकला, तर गोळी त्या वर्तुळाबाहेर, म्हणजे पोटात नाहीतर पुढच्या खांद्यात. पोटात लागलेलं हरीण लगेच पडत नाही. ते मैलभर जातं आणि तासन् तास तडफडतं. बी.सी. चा आग्रह धरायचा तो यासाठी.

आता गोळीची बांधणी. इथे घाई करून चालत नाही.

साधी गोळी म्हणजे शिशाचा गाभा आणि वर तांब्याचं कवच. रेमिंग्टनची कोअर-लॉक्ट १९३९ पासून याच पठडीतली आहे. ती स्वस्त, हरणासाठी पुरेशी आणि मध्यम वेगाला उत्तम फुलते, म्हणजे तिचं टोक चेपून रुंद होतं. तिची अडचण येते फार जवळच्या आणि फार वेगवान माऱ्यात. .२७० ची १३० ग्रेनची गोळी ५० यार्डांवर २९०० फुटांहून जास्त वेगाने लागते. ती खांद्याच्या हाडावर आदळली, तर कवच आणि गाभा वेगळे होऊन गोळीचे तुकडे होतात. मग जखम रुंद पण उथळ, आणि खांद्याचं मांस रक्ताने काळंनिळं होऊन वाया. उपाय दोन: नेम खांद्याच्या मागे धरायचा, किंवा गोळी जड घ्यायची.

दुसरा प्रकार नॉस्लर पार्टिशनचा. जॉन नॉस्लर यांनी १९४८ मध्ये तो विकायला काढला. कवचाच्या मध्ये तांब्याची आडवी भिंत असते. पुढचा अर्धा भाग फुलून झिजतो, भिंतीमागचा भाग अखंड आत जात राहतो. फेडरल फ्यूजन किंवा नॉस्लर अ‍ॅक्युबाँडसारख्या बाँडेड गोळ्यांत शिसं कवचाला चिकटवूनच टाकलेलं असतं, म्हणून हाडावरही ते सुटत नाही. आणि बार्न्सची पूर्ण तांब्याची गोळी १९८९ पासून आहे. तिच्यात शिसं नाहीच. टोकाच्या पोकळीमुळे चार पाकळ्या मागे वळतात आणि वजन जवळजवळ सगळं टिकतं.

प्रत्येक बांधणीला वेगाची एक खालची मर्यादा असते. तांब्याच्या, बाँडेड आणि पार्टिशन गोळ्यांना फुलायला साधारण १८०० फूट वेग लागतो, ईएलडी-एक्सला १६०० च्या आसपास. त्याखाली तांब्याची गोळी न फुलता बारीक भोक पाडून आरपार जाते. रक्ताचा माग मिळत नाही, जनावर जखमी अवस्थेत हरवतं. म्हणून मी तक्त्यात ऊर्जेच्या आधी वेगाचा रकाना वाचतो. हरणाला १००० आणि एल्कला (हरणाच्याच कुळातलं पण खूप मोठं जनावर) १५०० फूट-पाउंड हा ठोकताळा सगळीकडे ऐकू येतो. तो निरुपयोगी नाही, पण ऊर्जा भरपूर असूनही गोळी फुलली नाही तर तिचा उपयोग शून्य.

किती खोल शिरेल याचा अंदाज सेक्शनल डेन्सिटीवरून येतो, म्हणजे व्यासाच्या मानाने वजन. १४३ ग्रेनच्या ६.५ ची .२९३ येते, १६५ ग्रेनच्या .३०८ ची .२४८, १३० ग्रेनच्या .२७० ची .२४२. हे आकडे पाहिले की स्वीडनमध्ये ६.५x५५ या जुन्या सैनिकी काडतुसाने, १५६ ग्रेनच्या बोथट गोळीने, पिढ्यान् पिढ्या मूससारखं धिप्पाड जनावर कसं पाडलं, याचं आश्चर्य वाटत नाही. वेग बेताचा, गोळी लांब आणि जड, त्यामुळे ती तुटत नाही आणि खोल जाते. फक्त एक अट लक्षात ठेवा: सेक्शनल डेन्सिटी ही गोळी लागण्याआधीची असते. टोक फुलल्यावर किंवा तुकडे झाल्यावर तो आकडा राहत नाही, म्हणून बांधणी वेगळी असलेल्या दोन गोळ्यांची तुलना त्यावरून करू नये.

गोळी झाडताना खांद्याला बसणाऱ्या धक्क्याचा विषय पुरुषी अभिमानात अडकतो आणि तिथे नुकसान होतं. स्कोपसकट आठ पौंडांची रायफल धरून हिशेब केला, तर ६.५ क्रीडमूरचा धक्का १३ फूट-पाउंड, १६५ ग्रेनच्या .३०८ चा १७, .२७० चा १९ आणि १८० ग्रेनच्या .३०-०६ चा २२ येतो. रायफल सहा पौंडांची घेतली की हे सगळे आकडे एक तृतीयांशाने वाढतात. धक्क्याच्या भीतीने ट्रिगर ओढताना डोळे मिटणं ही सवय एकदा लागली की सुटायला वर्षं जातात. ती तपासायची सोपी रीत अशी: रेंजवर मित्राला मॅगझिन भरायला सांगा, त्यात मध्ये एखादं डमी काडतूस घालायला लावा. डमीवर नळी खाली झुकली, तर काडतूस तुमच्या मानाने मोठं आहे. नवख्या माणसाला आणि सडपातळ बांध्याच्या कुणालाही मी ६.५ किंवा .२४३ सुचवेन. .२४३ ला मात्र १०० ग्रेनची गोळी आणि बाजूने दिसणारं हरीण हवं. एल्कसाठी ते घेऊ नये.

पेटीवरचा वेग बहुतेक २४ इंची नळीतून मोजलेला असतो. आजच्या आखूड रायफलींची नळी २० इंचांची. या काडतुसांत इंचामागे २० ते २५ फूट वेग जातो, म्हणजे ८० ते १०० फूट कमी. १५० ग्रेनची .३०८ पहिल्या शंभर यार्डांत सुमारे २९० फूट वेग गमावते. त्या हिशेबाने आखूड नळीमुळे तक्ता तीस यार्डांनी अलीकडे सरकतो. तुमचं २७० यार्डांवरचं हरीण गोळीच्या लेखी ३०० यार्डांवर आहे. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) आता फार महाग राहिलेला नाही. स्वतःच्या रायफलीचा वेग मोजून तोच आकडा बॅलिस्टिक अ‍ॅपमध्ये भरा, पेटीवरचा नको.

नळीतल्या आट्यांचा (गोळीला फिरवणाऱ्या खाचांचा) पिळही बघून घ्या. ६.५ क्रीडमूरला साधारणपणे दर आठ इंचांत एक फेरा असतो, त्यामुळे लांब गोळी स्थिर फिरते. .२७० ला पूर्वापार दहा इंचांत एक, म्हणून तिथे १५० ग्रेनच्या वर फारसं जाता येत नाही. तांबं शिशापेक्षा हलकं असल्याने तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. पिळ कमी पडला तर ती डगमगते आणि कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक दिसतं. तसं भोक दिसलं की ती पेटी बाजूला ठेवून हलकी गोळी आणायची.

झीरो करताना पहिली गोळी २५ यार्डांवर झाडा. इथे एक चूक फार जण करतात: स्कोपची एक क्लिक पाव एमओए (कोनाचं माप, १०० यार्डांवर साधारण एक इंच) असेल, तर १०० यार्डांवर एक इंच सरकायला ४ क्लिक पुरतात, पण २५ यार्डांवर तेवढंच सरकायला १६ लागतात. मग १०० यार्डांवर या आणि गोळ्या नेमापेक्षा दोन इंच वर बसतील असं करा (.२७० ला दीड इंच पुरे). त्याने २०० यार्डांच्या आसपास झीरो होतो, पण तो प्रत्यक्ष २०० वर तपासल्याशिवाय खरा धरू नका. तीन गोळ्यांच्या गटावर विश्वास ठेवू नका, तो नशिबाने लहान येतो. नळी थंड होऊ देत दहा गोळ्यांचा गट घ्या. पेटीचा लॉट बदलला, तरी पुन्हा तपासा. गट अचानक फाकला, तर काडतुसाला दोष देण्याआधी स्कोपच्या रिंगांचे स्क्रू बघा.

स्वतःची मर्यादा काढायला दोन अंतरं लागतात. पहिलं, तुमच्या गोळीचा वेग तिच्या फुलण्याच्या मर्यादेखाली जातो ते. १५० ग्रेनची .३०८ चारशे यार्डांवर १७७४ वर येते, म्हणून तिला साडेतीनशेच्या पुढे नेऊ नये. दुसरं, बाकावरून नव्हे तर गुडघ्यावर किंवा काठीच्या आधाराने, दम लागलेला असताना, सगळ्या गोळ्या आठ इंचांच्या कागदी थाळीत बसतात ते. दोन्हींतलं लहान अंतर ते तुमचं. बहुतेकांचं दुसरं अंतर पहिल्यापेक्षा पुष्कळ लहान निघतं, आणि तिथे काडतूस बदलून काही होत नाही.

मग घ्यायचं काय? पेनसिल्व्हेनिया किंवा विस्कॉन्सिनच्या झाडीत बरेचसे नेम १५० यार्डांच्या आत लागतात. तिथे .३०८ मध्ये १६५ किंवा १८० ग्रेनची साधी गोळी घ्या, जास्त पैसे घालू नका. वायोमिंगच्या उघड्या माळावर प्राँगहॉर्न किंवा म्यूल डियरसाठी ६.५ क्रीडमूर किंवा .२७०, बी.सी. चांगला असलेली गोळी. एल्कसाठी .३०-०६ किंवा .३०८ मध्ये १६५ ते १८० ग्रेनची बाँडेड, पार्टिशन किंवा तांब्याची. ६.५ नेही एल्क पडतो, पण गोळी कणखर हवी, अंतर अडीचशेच्या आत हवं आणि जनावर आडवं उभं हवं. नेम पुढच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात.

खरेदीआधी राज्याचे नियम वाचा. कोलोरॅडोत हरणाला किमान ७० आणि एल्कला ८५ ग्रेनची फुलणारी गोळी, व्यास किमान .२४ इंच, आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा लागते. ओहायोत हरणासाठी रायफलीत सरळ भिंतीची (तोंडाशी बारीक न होणारी) पुंगळीच चालते, म्हणजे वरची पाचही काडतुसं तिथे बाद. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी संपूर्ण राज्यात बंद आहे.

शिशाचा प्रश्न फक्त कायद्याचा नाही. वेगाने फुटलेल्या शिशाचे कण जखमेपासून दूरवर मांसात जातात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. गर्भवती बायकांनी आणि लहान मुलांनी शिशाच्या गोळीने मारलेल्या हरणाचं मांस खाऊ नये, असा सल्ला नॉर्थ डकोटाच्या आरोग्य खात्याने २००८ मध्येच दिला होता. घरात लहान मुलं असतील तर तांब्याची गोळीच घ्या, आणि .३०८ मध्ये १६५ ऐवजी १५० ग्रेन घेतली तर वेगही टिकतो. शिशाचीच वापरणार असाल, तर जखमेभोवतीचं मांस हात आखडता न घेता कापून टाका, आणि खिम्याच्या यंत्रात जखमेजवळचा एकही तुकडा जाऊ देऊ नका, कारण तो कण तिथून सगळ्या खिम्यात पसरतो.

आणखी एक: एका खिशात दोन प्रकारची काडतुसं कधीच ठेवू नका. .३०८ चं काडतूस .३०-०६ च्या चेंबरमध्ये (नळीच्या मागे काडतूस बसतं त्या जागेत) शिरतं आणि उडूही शकतं. पुंगळीला चेंबरचा पूर्ण आधार नसल्याने ती फाटते आणि तापलेला वायू बोल्टच्या बाजूने चेहऱ्याकडे येतो. .३०० ब्लॅकआउट .२२३ च्या नळीत गेलं तर त्याहून वाईट: जाडी गोळी बारीक नळीत अडकते आणि रायफल हातात फुटते. पेटीवरचं नाव आणि नळीवर कोरलेलं नाव, दोन्ही मोठ्याने वाचून जुळवा, मगच मॅगझिन भरा.